दोनदा उठणारे शांतवनकाका

पुसदला आमच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीच्या वेळी प्रत्येक जण एकदाच उभा राहून देवाचे आभार मानतो. शांतवनकाका दोनदा उठतात. पहिल्यांदा लगेच आटोपतात. झोप लागली, गुडघा वाकला, देवाची स्तुती असो. बसतात, आणि बूड टेकतं न टेकतं तोच पुन्हा उठतात. मग खरी गाडी सुटते. कोहळ्याच्या वेलाला फूल आलं म्हणून आभार. शेजारच्या बकरीला दोन पिल्लं झाली म्हणून आभार. परवा कुणाच्या तरी घरून लसणाच्या फोडणीचा वास आला, त्याबद्दलही. दर आभाराला खंजिरीवर एक थाप. अख्खी मंडळी हसत टाळ्या वाजवते. माझी आईसुद्धा.

मी जळायचो. लपवत नाही.

मी पत्रकं काढतो. आमच्या वस्तीत नळ आठवड्यातून एकदा येतो, त्यावर चार काढली, घरोघर वाटली. लोकांनी त्यांत भजी बांधली. आणि हे निवृत्त फिटर फोडणीच्या वासावर टाळ्या घेतात! जिथे प्यायला पाणी नाही तिथे आभार मानणं म्हणजे अन्यायाशी तडजोड, असं मी त्यांना तोंडावर सुनावलं होतं. ते म्हणाले, "बरोबर हाय बापू. स्तुती असो."

गेल्या रविवारी चर्चच्या पाळकांनी मला उपासनेच्या शेवटी पाच मिनिटं दिली होती. पाण्याच्या अर्जावर सह्या घ्यायच्या होत्या. काका दुसऱ्यांदा उठले आणि माझी पाचही मिनिटं खाऊन बसले. शेवटचा आशीर्वाद झाला, लोक जेवायला पांगले. सह्या मिळाल्या तीन, त्यातली एक आईची.

संध्याकाळी मी भांडायला त्यांच्या घरी गेलो. काकूंना लकवा झाल्याचं ठाऊक होतं, पण त्यानंतर मी कधी त्यांच्या घरी गेलो नव्हतो. त्या खाटेवर होत्या. काका शेजारी बसून विचारत होते, "बकरीचं झालं. दुसरं सांग." काकूंनी डाव्या हाताचं बोट खिडकीबाहेरच्या वेलाकडे नेलं.

मला पाहून काका ओशाळले. "दुसऱ्या वेळी उठतो ते हिच्यासाठी. मले कुठं सुचते एवढं? मी जन्माचा कुरकुऱ्या. हिले बोलता येत नाही, पण हिची उपकारस्तुती चुकवलेली चालत नाही."

भांडणाचं पहिलं वाक्य मी वाटेतच पाठ केलं होतं. ते गिळून मी खाटेजवळ टेकलो.

काकूंचं बोट माझ्याकडे वळलं. मला वाटलं, जा म्हणतायत. काकांनी उशीखालून माझी चारही पत्रकं काढली. एकाही पत्रकाला तेलाचा डाग नव्हता.

"रोज वाचून दाखवा लागते," ते म्हणाले. "तेही रागानं. सपक वाचलं का हात झटकते. आज तुले टाइम नाही भेटला ना? आण तो अर्ज. हिचा अंगठा घे."

अंगठ्याआधी काकूंना अर्ज ऐकायचा होता. काकांनी चष्मा लावला आणि नगरपालिकेवर असे कडाडले की बाहेरची बकरी ओरडली. काकू अर्ध्या चेहऱ्याने हसत होत्या. माझं लिहिलेलं इतकं मन लावून ऐकणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

आणि त्या बघत होत्या काकांकडे.