म्हात्रे पहिल्याच पानावर मेले

गुप्ते मावशींच्या पर्समध्ये कंगवा नसायचा, पण व्हर्निअर कॅलिपर असायचा. म्हणजे कारखान्यात वस्तूची जाडी मोजायला वापरतात ते स्टीलचं पकडीसारखं अवजार. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मावशींनी आयुष्यभर नट-बोल्ट तपासले. रिटायर झाल्या, पण तपासणं सुटलं नाही. आमच्या डोंबिवलीच्या नाक्यावरचा बटाटेवडा त्यांनी गाडीसमोर उभं राहून मोजला होता. "मागच्या आठवड्यापेक्षा बारीक झालाय. रिजेक्ट," त्या शांतपणे म्हणाल्या. वडेवाल्याने मुकाट्याने दुसरा दिला.

मावशींच्या जगात दोनच प्रकार होते, पास आणि रिजेक्ट. मला दाखवायला आणलेल्या दोन मुली त्यांनी जिन्यातच रिजेक्ट केल्या. तिसरीने मला नाकारलं, तेव्हा "मुलगी हुशार होती" म्हणून तिला पास केलं. मी आणि आई त्यांच्या समोरच्या दारात राहायचो, त्यामुळे आमची तपासणी रोजचीच.

मग आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. महिनाअखेर सगळ्यांनी घरं रिकामी करायची असं ठरलं आणि चार मजल्यांवर एकदम वेड पसरलं. कोणाला भाड्याचं घर मिळेना, कोणाला मिळालेलं पटेना. जिन्यात कपाटं अडकली. एकमेकांच्या पोरांची बारशी जेवलेली माणसं एका टेम्पोवरून एकमेकांचा बाप काढायला लागली.

आणि नेमक्या त्या महिन्यात मावशींनी कादंबरी लिहायला घेतली.

त्यांच्या पुतण्याच्या मुलीने त्यांना कुठल्यातरी ऑनलाइन ग्रुपवर घातलेलं. तिथे एका महिन्यात पन्नास हजार शब्दांची अख्खी कादंबरी लिहायची पैज होती. मी म्हटलं, "मावशी, अहो, सामान बांधायचंय."

"सामान कोणीही बांधेल," त्या म्हणाल्या. "कादंबरी कोण लिहिणार, तू?"

टाइप करायला त्यांची बोटं दुखायची, म्हणून त्या मोबाइलला तोंडाने सांगायच्या आणि मोबाइल त्याला वाटेल ते लिहायचा. "त्याने तिचा हात हातात घेतला" असं त्या म्हणाल्या, तर पडद्यावर "त्याने तिचा भात हातात घेतला" उमटलं. मी दुरुस्त करायला गेलो, तर मला थांबवलं. "राहू दे. असल्या माणसाच्या हातात कोण हात देईल? भात बरा. पास."

मोबाइलला नीट ऐकू यावं म्हणून त्या गॅलरीत उभ्या राहून खणखणीत आवाजात बोलत. त्यामुळे कादंबरी आधी बिल्डिंगला आणि मग मोबाइलला समजायची.

पहिल्याच दिवशी आमचे सेक्रेटरी म्हात्रे खाली टेम्पोवाल्याशी घासाघीस करत होते. वरून आवाज आला, "सोसायटीचे सेक्रेटरी म्हात्रे पाण्याच्या टाकीत पालथे तरंगत होते. पूर्णविराम."

म्हात्रे तीन जिने चढून वर आले. मी दारातच उभा होतो.

"मावशी, मना मारलं तुमी?"

"खून सुरुवातीलाच लागतो, म्हात्रे. त्याशिवाय माणसं पुढे वाचत नाहीत."

"खुनाचं काय नाय वो. पन पयल्याच पानावर? मंग पुढचा महिनाभर मी काय करू?"

मावशींनी विचार केला. मुद्दा त्यांना पटलेला दिसला. "पूर्वायुष्य देते तुम्हाला," त्या म्हणाल्या. "पण ते मला ठाऊक नाही. येऊन सांगावं लागेल."

झालं. म्हात्रे रोज सकाळी हजर. बिल्डरची पत्रं, पाण्याची बिलं, सगळं खाली सोडून मावशींसमोर स्टूल ओढून बसायचे. त्यांच्या बापाने खाडीकाठच्या मिठागरात मीठ ओढलेलं, ते पहिल्यांदा आम्हाला तेव्हा कळलं. आणि आमची बिल्डिंग जिथे उभी आहे, तिथे त्यांचं भाताचं शेत होतं. "जिना हाय ना, तिथं बांध व्हता," म्हात्रे म्हणाले. "आय माजी तिथं बसून जेवायची." ज्या माणसाला आम्ही वर्षानुवर्षं पाण्याच्या वेळेवरून शिव्या घातल्या, तो एवढं बोलून जिन्याकडे बघायला लागला. मावशींनी मोबाइल बंद केला आणि चहा टाकला.

मग बातमी पसरली आणि प्रत्येकाला कादंबरीत जागा हवी झाली. पहिल्या मजल्यावरच्या देशपांड्यांना विमानातून उतरायचं होतं, कुठे ते महत्त्वाचं नव्हतं. त्यांच्या बायकोला त्याच विमानातून उतरायचं नव्हतं. टेम्पोवरून भांडणारी दोन कुटुंबं मावशींच्या हॉलमध्ये शेजारी शेजारी बसून आपापल्या मरणाची वाट पाहायला लागली. मावशी कोणाला श्रीमंत करत, कोणाला पळवून लावत. बारीकसारीक तक्रारी तिथेच निकालात निघायच्या.

आमच्या घरात मात्र वेगळाच पेच होता. आईने बोलणं जवळजवळ सोडलेलं. बाबा याच घरात गेले, मी इथेच चालायला शिकलो. घर सोडायचं ठरल्यापासून ती स्वयंपाकघरातल्या एका डब्यालाही हात लावू देत नव्हती. जेवायला वाढलं की दोन घास खाऊन उठायची. मी समजावून पाहिलं, ओरडून पाहिलं. काही उपयोग नाही.

एकदा मावशी दारात आल्या. "नलूबाई, तुमचं काय करू कादंबरीत?"

"मला काही नको व्हायला," आई म्हणाली.

"ठीक आहे. मग तुम्हाला नुसतं घरात बसवून ठेवते." मावशी गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी आलो तर आई घरात नव्हती. ती मावशींच्या गॅलरीत बसलेली, पदर खोचून. मला बघूनही थांबली नाही. "ट्रक," ती मावशींना सांगत होती. "मोठा, दहा चाकांचा. कसारा घाट रात्रीचा चढायचा. आणि बाजूला कोणी बसलेलं नको, सूचना करायला."

"पास," मावशी म्हणाल्या.

त्या दिवशी आई पोटभर जेवली, आणि जेवून उठल्यावर म्हणाली, "ते वरच्या फळीवरचे डबे काढ. वर्तमानपत्रात गुंडाळावे लागतील."

महिना संपत आला. सगळ्यांचं आवरलं, मावशींचं घर जसंच्या तसं. शेवटी आम्हीच त्यांचं सामान बांधलं. त्या खुर्चीत बसून मोबाइलला सांगत राहिल्या. खुर्ची नेली तेव्हा गुंडाळलेल्या गादीवर बसल्या. म्हात्र्यांनी गादीही उचलली, तेव्हा उभ्या राहिल्या.

"मावशी, झाली का कादंबरी?" मी विचारलं.

"शब्द पुरे झाले. शेवट रिजेक्ट," त्या म्हणाल्या आणि पर्स काखोटीला मारून जिना उतरल्या.

म्हात्रे खडवलीला भावाकडे गेले, आम्ही कल्याणला भाड्याने, आणि मावशी माजिवड्याला पुतण्याच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये. पुतण्या कुटुंबासकट परदेशात. मावशींना स्वतःचं मूलबाळ नाही, यजमान जाऊन खूप वर्षं झालेली.

पण त्यांचे फोन सुरू झाले. "तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून काय दिसतं? कादंबरीसाठी हवंय." "आईला तिथे भाजीवाली कोण मिळाली? नाव सांग, कादंबरीसाठी हवंय." सगळ्यांनाच असे फोन. म्हात्र्यांना त्यांनी खडवलीच्या नदीला पाणी किती आहे असं विचारलं. आम्ही आपसात हसायचो, ही कादंबरी आता महाभारताच्या वर जाणार.

एका रविवारी ठाण्यात काम होतं, म्हणून मी माजिवड्याला गेलेलो. टॉवरच्या गेटवर वॉचमनने नाव, फोन, फोटो घेतला. वर लांबलचक पॅसेज, सगळी दारं बंद. मावशींनी दार उघडलं, मला आत बसवलं. मग भराभर पोहे केले. मी खात असताना म्हटलं, "वाचून दाखवा की, कुठवर आली कादंबरी."

मावशी ओटा पुसत होत्या.

"इथे आल्यापासून एक शब्द लिहिला नाही," त्या म्हणाल्या.

"मग एवढे फोन?"

"नुसतं कसं विचारायचं कोणाला, जेवलात का, झोप लागते का? म्हातारीला उद्योग नाही म्हणतील." त्यांनी ओट्याचा पुसलेला कोपरा पुन्हा पुसला. "कादंबरीसाठी म्हटलं की माणसं बोलतात."

मी पोहे संपवले, आणखी मागितले. त्यांनी वाढले. निघताना त्या पॅसेजमध्ये लिफ्टपर्यंत आल्या. लिफ्टला वेळ होता. बोलायचं म्हणून मी लिफ्टच्या वेगाबद्दल काहीतरी बोललो. त्यांचं लक्ष नव्हतं.

"पुन्हा कधी येशील?" त्यांनी विचारलं. कशासाठी हवंय, ते सांगितलं नाही.

"पुढच्या रविवारी," मी म्हटलं. "आईला घेऊन."

"जेवायलाच या," मावशी म्हणाल्या.