अर्ध्या हाताची कमान

फसली सन तेराशे त्रेपन्नमध्ये (इसवी सन १९४३-४४) कसबे बोरजवळा इथल्या बलदियाने, म्हणजे तेव्हाच्या नगरपालिकेने, पेठेच्या तोंडाशी एक दगडी कमान बांधली. कमान भक्कम होती. चुना अस्सल होता. वर सरकार हुजूरांचं नाव उर्दूत कोरलेलं होतं. दोष एकच होता, की ती अर्धा हात ठेंगणी होती. रयतेला नव्हे, बैलगाड्यांना नव्हे, कडब्याने शिगोशीग भरलेल्या गाडीलाही नव्हे. सबंध कसब्यात ती ठेंगणी होती फक्त एकट्या वीरप्पाला.

वीरप्पाचा पानमळा होता आणि घरात चार पिढ्यांचा काठीचा मान होता. माघातल्या यात्रेला सिद्धेश्वराची काठी मठातून निघून पेठेतून देवळात जाते. पंधरा हात उंच कळक, वर बाशिंग आणि घुंगरं, आणि ती एकट्या माणसाने न्यायची. कमरेला चामडी पट्टा बांधायचा, पट्ट्याच्या खोळीत काठीचा बुडखा बसवायचा आणि सरळ चालायचं. मठ ते देऊळ काठी वाकता कामा नये. वाकली तर मान दुसऱ्या घरात जातो. वीरप्पाचे वडील शांतलिंगअप्पा यांनी एकतीस वर्षं काठी नेली आणि खांदा दुखावल्यावर पट्टा पोराच्या हाती दिला. ह्या वर्षी वीरप्पाची पहिलीच यात्रा होती. तो सहा फुटांच्याही वर गेलेला गडी होता. शांतलिंगअप्पा म्हणत, देवाने मान बघूनच उंची दिली.

आता कमान का बांधली, हेही सांगायला हवं. त्या साली सुभेदारसाहेब दौऱ्यावर येणार होते. कसब्यातल्या आडाचा रहाट मोडून पडला होता, पेठेतल्या सहा कंदिलांपैकी दोन लागत होते, पण सुभेदारसाहेबांना रहाट ओढायचा नव्हता आणि ते दिवसाच येणार होते. तेव्हा बलदियाचे सदर, म्हणजे अध्यक्ष, धोंडप्पा अडते यांनी बराच विचार करून कमान मंजूर केली. धुळाप्पा मिस्त्रीला त्यांनी बजावलं, "काठी जाईल अशी बांध. धर्माचं काम हाय."

धुळाप्पा मिस्त्री काटेकोर माणूस. तो मठात गेला. काठी भिंतीवरच्या खुंट्यांवर आडवी ठेवलेली होती. त्याने ती तीनदा मोजली, बाशिंगासकट बरोबर पंधरा हात भरली. देवाला दाटीवाटी नको म्हणून त्याने वर दीड हात मोकळीक सोडली. काठीचं माप घेऊन झालं, पण ती ज्याच्या कमरेला बांधायची त्याचं माप कुणी घेतलं नाही. सुभेदारसाहेब तर तुळजापूरच्या रस्त्याने परस्परच निघून गेले.

यात्रेला दीड महिना असताना वीरप्पा सराव करत पेठेत आला. कमानीखाली पाऊल टाकलं आणि वर खट्ट वाजलं. बाशिंगाची दोन घुंगरं तुटून खाली पडली. मागून येणारी त्याची बायको नागम्मा ओरडली, "अवो थांबा! वाकवू नगा!" वीरप्पाने काठी तशीच सरळ धरून उलट्या पावली माघार घेतली.  एकतीस वर्षं बापाने सांभाळलेलं आपल्या हातून पहिल्याच वर्षी जाणार, एवढंच त्याला दिसत होतं.

गावात बोभाटा झाला. पाण्याची बोंब असताना हा खर्च केलाच कसा, असं जो तो विचारू लागला. कमानीचा दगड सदरांच्या मेहुण्याच्या खाणीतला आहे, हेही लोकांना एकाएकी आठवलं. शेवटी "सदरांचं वर्तन आणि कसब्याचा खर्च" या विषयावर रयतेचा खुला जलसा, म्हणजे जाहीर सभा, भरवायचं ठरलं. जलशाला तहसिलीची परवानगी लागे. ती सदरांनीच आणली, कारण अर्जाचे छापील कागद त्यांच्याच कपाटात होते. जलशाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आलं. बलदियाच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक जलशाला सदर अध्यक्ष असतात आणि कायद्यापुढे सदरांचा नाइलाज होता.

बंडप्पा कापडवाला पहिला उठला. चिडला की त्याचा आवाज चिरकायचा. "माझ्या दुकानाम्होरं चार वर्सं झाली कंदील न्हाय. गिऱ्हाईकाला धोतर दावतो तर लुगडं म्हणून बघतंय. आन् तुमी कमानी बांधताय? ही लूट हाय!"

बलदियाचे पेशकार, म्हणजे कारकून, बब्रुवान यांनी चष्मा पुसला आणि नम्रपणे सांगितलं की कमानीवर एक कंदील बसवायचा आहे, त्याचं तोंड कोणत्या दुकानाकडे करावं हा प्रश्न विचाराधीन आहे. बंडप्पा मग म्हणाला, "तशी कमान बरी हाय," आणि खाली बसला.

अयोध्याबाई माळवं, म्हणजे भाजीपाला, विकायची. तिने सदरांच्या तोंडावर हात नाचवले. "आडाला रहाट न्हाय, बायकांच्या हाताला फोड आलेत, आन् ह्यास्नी दगडाचं बाशिंग बांधायची हौस!" पेशकारांनी कमानीच्या सावलीतली बसायची जागा तिच्या नावावर लिहिली. अयोध्याबाईने फोडांचं पुढे काही काढलं नाही. अशा रीतीने खुली चर्चा दोन तास चालली आणि अत्यंत सडेतोड झाली. कोणीही काही न मिळवता खाली बसलं नाही.

राहता राहिला वीरप्पा. तो म्हणाला, "मला कंदील नगं, जागा नगं. अर्धा हात पायजे."

"कमान फोडावी म्हणतोस व्हय?" धोंडप्पांनी विचारलं.

"वरचा एक थर काढा अण्णा. लई न्हाय."

"त्या थरावर हुजूरांचं नाव हाय," धोंडप्पा हळू आवाजात म्हणाले.  दोन माणसं उठून घरी गेली. नावावर छिन्नी चालवणं म्हणजे बेअदबी, आणि बेअदबीची चौकशी कसब्यात होत नाही, लांब कुठंतरी होते.

मग धोंडप्पांनीच तोड सुचवली. त्यांचा जावई रेवणसिद्ध अंगाने भरलेला पण उंचीने आखूड होता. त्याच्या कमरेला पट्टा बांधला तर काठी कमानीखालून चार बोटं राखून निघत होती. "आमी काय मान मागत न्हाय," धोंडप्पा म्हणाले, "पर देवानं माप देऊनच माणूस धाडलाय, त्येला आमी काय करावं?"

लोक हसले. वीरप्पाची कानशिलं तापली. "मग खालनं खणा," तो म्हणाला. "अर्धा हात रस्ता खणा."

हे सर्वांना पटलं. फक्त पेशकारांनी एक कायदेशीर अडचण काढली. बलदियाच्या कायद्यात दोन हातांच्या आतली खोदाई ही खोदाई धरत नाहीत, झाडलोट धरतात, आणि झाडलोटीला त्या साली तरतूद नव्हती. तेव्हा रस्ता दोन हात खणायचं ठरलं. आठ दिवसांत खड्डा झाला. नवव्या दिवशी पेठेतल्या सगळ्या मोऱ्यांनी आपलं पाणी तिकडे वळवलं. दहाव्या दिवशी सदरांच्या तीन म्हशी त्यात जाऊन बसल्या आणि उठेनात.

भर पेठेत म्हशी बसल्याचा अहवाल वर गेला असता तर पंचाईत होती. म्हणून पेशकारांनी खड्ड्याची नोंद "सार्वजनिक हौज" अशी केली. हौज म्हटल्यावर त्यातल्या मासळीचा लिलाव करणं भाग पडलं. तो एका माणसाने घेतलाही, कारण लिलाव सरकारी होता. पण हौज ओलांडून देवळात जायचं कसं? त्यावर पूल हवा. पूल बांधला. तो रस्त्याच्या पातळीत तंतोतंत बसला, धुळाप्पा मिस्त्रीने तीनदा मोजलं होतं. पुलाला सुभेदारसाहेबांचं नाव दिलं, म्हणजे आता त्यालाही हात लावायची सोय उरली नाही.

यात्रेच्या आदल्या आठवड्यात वीरप्पा पुलावर उभा राहिला. काठी सरळ धरली. वर खट्ट वाजलं. बरोबर अर्धा हात.

दुसरा जलसा भरला. आता लोक वीरप्पावर वैतागले होते. त्याच्यापायी खड्डा झाला, त्याच्यापायी पूल झाला, एका माणसाच्या अर्ध्या हातासाठी कसब्याने किती सोसायचं? बंडप्पाचा आवाज पुन्हा चिरकला, ह्या वेळी दुसऱ्या बाजूने. अयोध्याबाई कंटाळून म्हणाली, "येवढं हाय तर गुडघ्यावर जा की बाबा!"

ती हे टोमणा म्हणून बोलली होती. पण पेशकार बब्रुवान टोमण्याचाही ठराव करू शकत. त्यांनी तिथल्या तिथे वीरप्पाला गुडघ्यावर बसवून माप घेतलं. काठी चांगली पाव हात राखून जात होती. ती वाकत नव्हती, कमान फुटत नव्हती, नाव शाबूत राहत होतं. ठराव एकमताने मंजूर झाला. वीरप्पा गुडघ्यावर जायला राजी नसेल तर रेवणसिद्ध उभ्याने जाईल, असं खाली कलम घातलं.

वीरप्पा शांतलिंगअप्पांना विचारायला गेला. म्हाताऱ्याने पट्ट्यावरून हात फिरवला. तो म्हणाला, "मान जाऊ देऊ नगं."

यात्रेच्या दिवशी वीरप्पा कमानीपाशी आला, काठी सरळ ठेवून आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा. पंधरा हातांचं ओझं पोटाशी घेऊन तो पुलाच्या ओबडधोबड दगडांवरून रखडत गेला. अंतर जेमतेम आठ पावलांचं, पण त्याला ते पेठेएवढं वाटलं. काठी तसूभर हलली नाही. पलीकडे तो उठून उभा राहिला तेव्हा लोकांनी असा गजर केला की बापाच्या वेळीही झाला नसेल. बायकांनी त्याच्या फुटलेल्या गुडघ्यांना कुंकू लावलं. धोंडप्पांनी हार घातला.

घरी नागम्मा गुडघ्यांवर हळद दाबत होती. "मान ऱ्हायला न्हवं?"

"ऱ्हायला."

"मग रडताय का वो?"

वीरप्पाने कमरेचा पट्टा सोडला आणि खुंटीला लावला.

पुढच्या वर्षी त्याच्यामागून पाच-सहा माणसं आपण होऊन गुडघ्यावर गेली. कुणाचा ताप उतरला, कुणाची गाय व्याली. त्याच्या पुढच्या वर्षी नवस बोलले गेले. चौथ्या वर्षी बलदियाने गुडघ्याला बांधायच्या चिंध्या विकण्याचा ठेका दिला. तो बंडप्पाने घेतला.

मग राज्य बदललं. कमानीवरचं नाव चुन्याने बुजवलं आणि त्यावर नवं नाव रंगवलं. धोंडप्पांनी टोपी बदलली. नव्या नगरपालिकेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी त्याच कमानीखाली भाषण केलं की ही कमान आम्ही रयतेसाठीच बांधली होती, फक्त त्या काळी तसं म्हणायची सोय नव्हती. सुभेदारसाहेबांचा पूल मात्र गुलामीची खूण ठरला. तो काढून, हौज बुजवून, तिथे नवी फरशी घातली. धुळाप्पा मिस्त्री आता म्हातारा झाला होता, नजर गेली होती. त्याने एकदाच मोजलं. फरशी जुन्या रस्त्यापेक्षा हातभर खाली बसली.

हे फक्त वीरप्पाच्या ध्यानात आलं. भर दुपारी एकटा जाऊन त्याने कळकाने माप घेतलं. पुन्हा घेतलं. उभ्याने, पट्ट्यासकट, बाशिंगासकट काठी अर्धा हात राखून जात होती. घरी येऊन आनंदाच्या भरात त्याने नागम्माला ते दोनदा सांगितलं.

त्या माघात वीरप्पा काठी घेऊन आला, कमानीपाशी थांबला नाही, आणि ताठ चालत पलीकडे गेला. काठी वाकली नाही. कुठे लागली नाही. गजर झाला नाही. घुंगरांचा तेवढा आवाज आला. मग मागून कुणीतरी ओरडलं, "खाली! आरं खाली बस!" आणि दहा वर्षांपूर्वी पेठेत नव्हता एवढा राग पेठेत उसळला.

जलसा भरला. अध्यक्ष धोंडप्पा, चिटणीस बब्रुवान. विषय "वीरप्पाचं वर्तन".

"काठी वाकली का?" वीरप्पाने विचारलं.

"न्हाय," बंडप्पा म्हणाला.

"कमानीला घासली का?"

"न्हाय."

"मग म्या काय केलं?"

"तू उभा व्हतास," बंडप्पा म्हणाला, आणि ह्या वेळी त्याचा आवाज चिरकला नाही. खरोखरच दुखावलेला होता तो. अयोध्याबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "रीत मोडली रं बाबा. बापाचं तरी त्वांड बघायचं." वीरप्पाने सांगायचा प्रयत्न केला की ही रीत तिच्याच एका टोमण्याची आहे. पण ते आता कुणाला आठवत नव्हतं, तिलाही नाही. ठराव एकमताने झाला. पट्टा रेवणसिद्धाकडे गेला. तो ह्या कमानीखालून उभ्याने काय, उडी मारत गेला असता तरी काठी लागली नसती. तो दर वर्षी गुडघ्यावर जातो.

वीरप्पा यात्रेच्या दिवशी आता पानमळ्यातच असतो. पेठेत मात्र गर्दी मावत नाही. परगावची शिकलेली माणसंही येतात. कमानीपाशी आल्यावर एखादा वर बघतो, डोळ्यांनीच अदमास घेतो आणि शेजारच्याला विचारतो, "एवढी जागा आहे की हो, मग गुडघ्यावर कशाला?" शेजारचा म्हणतो, "रीत हाय." हे उत्तर त्याला मुळीच पटत नाही. तो हसतो. मागे रांग ताटकळलेली असते, पुढचे सगळे खाली बसलेले असतात, एकट्याने उभं राहणं बरं दिसत नाही. तुम्ही आलात तर तुम्हीही विचाराल, जरूर विचारा. टेकायचं झालं तर काळजी नको. इतक्या वर्षांत फरशी गुळगुळीत झाली आहे, लागत नाही.