मेथीडॉक्टर

बारामतीत मास्तर म्हणून रुजू झालो, त्या दिवशी दारात सामान उतरवून घेत होतो. शेजारच्या घरातून एक उंच, किडकिडीत गृहस्थ तरातरा आले आणि म्हणाले, "जीभ काढा."

इकडे ओळख करून घेण्याची अशीच रीत असेल, असं समजून मी जीभ काढली.

"हं. कडा जरा लाल दिसतायत. पालेभाजी खाता?"

"खातो."

"उकडून पाणी फेकून देत असाल!" असं म्हणत ते आमच्या स्वयंपाकघरात शिरले. तिथं अजून चूलही मांडलेली नव्हती. हिनं डोक्यावर पदर घेईपर्यंत ते मागच्या दारानं बाहेर पडले होते.

हे डॉक्टर विनायक टेंबे. मूळचे इंदापूरचे, मुंबईला शिकलेले, एकटे राहणारे. दवाखान्यात रोगी बाकावर बसायचा आणि डॉक्टर त्याच्याभोवती फेऱ्या मारत त्याला तपासायचे. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं. सायकलवरून जाताना कुणाची फिकट पापणी दिसली की मागं न बघता वळायचे. त्यापायी बाजारात दोनदा-तीनदा टोपल्यांत पडले होते.

त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट भिनलेली होती, ती म्हणजे मेथिल. मीही मास्तर पडलो, एकदा विचारायची चूक केली.

"असं बघा मास्तर," डॉक्टरांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. "विहीर खणताना माणसं रांगेनं उभी राहतात आणि पाटी या हातातून त्या हातात जाते. जाते ना? तसं शरीरात मेथिल फिरतं. एक कर्ब आणि तीन हायड्रोजन, एवढीशी चीज! पण रक्त घडवायचं, मज्जातंतू शाबूत ठेवायचे, तर ही पाटी फिरती राहिली पाहिजे. पाटीत भर पडते ती डाळी, दूध, अंडी यांतून. आणि रांगेतले हात कुणाचे? पालेभाजीतल्या फॉलिक आम्लाचा एक, बी-बाराचा दुसरा. कोण कुणाला कशी देतो, हे अजून मोठमोठ्यांनाही नीट उलगडलेलं नाही. पण एक हात गळला, की रांग थांबली! खलास!"

हे सगळं ते रोग्यांनाही सांगत. रोगी मान डोलवत आणि घरी जाऊन सांगत, "डाक्तर म्हनत्यात मेथी खा." गावानं त्यांचं नाव मेथीडॉक्टर ठेवलं. बाजारच्या दिवशी ते दिसले की भाजीवाल्या बायका आपणहून त्यांना जुडी देत. त्यांच्यामुळे मेथीचा खप वाढला होता म्हणे.

"मेथी नव्हे हो, मेथिल!" डॉक्टर कळवळून ओरडायचे. मग दोन पावलं पुढं जाऊन परत यायचे. "पण मेथी खा. खाच. आणि पाणी फेकू नका."

अशा माणसाला आम्ही नवराबायको हिच्या चुलत्यांकडे, तात्यांकडे, वडगाव निंबाळकरला घेऊन गेलो, कारण दुसरा इलाज राहिला नव्हता. तात्या गावातले मोठे बागायतदार, गळ्यात माळ. काही महिन्यांपासून त्यांचा तोल जाई. पायातली वहाण वाटेत निसटली तरी कळत नसे. घरच्यांनी वाताचं तेल चोळून पाहिलं, अंगारे लावून पाहिले.

डॉक्टरांनी जीभ बघितली. ती गुळगुळीत, काचेसारखी. मग डोळे मिटायला लावून पायाच्या अंगठ्याला टाचणी टोचली. तात्या शांत.

"चालताना कसं वाटतं?"

"कापसावर चालल्यागत."

हे ऐकून डॉक्टर ओसरीवरून उतरून अंगणात गेले, गोठ्यापर्यंत जाऊन परत आले. "दूध पिता?"

तात्यांनी गोठ्याकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "त्यांची चंद्री म्हस मेली, तवापासनं सोडलंय. दही न्हाय, ताक न्हाय. तिच्या दुधाची सवय झालेलं तोंड दुसरीच्या दुधानं बाटवनार न्हाय म्हनत्यात."

"मेथी लई खातो की," तात्या घाईनं म्हणाले. त्यांना डॉक्टरांची कीर्ती ठाऊक होती.

"मेथीनं भागणार नाही!" डॉक्टर एवढ्यांदा ओरडले की गोठ्यातली वासरं बिचकली. मेथीडॉक्टरांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "बी-बारा पाल्यातून मिळत नाही, ते दुधातून येतं. नुसत्या पाल्यावर रक्त सुधारेल, गालावर लाली येईल आणि पाय मात्र जातील. कायमचे जातील. सुई घ्यावी लागेल."

पिशवीतून त्यांनी बी-बाराची काचेची कुपी काढली. आतलं औषध लालभडक. तात्यांनी पाय आखडून घेतले.

"रगात हाय त्ये."

"रक्त नाही."

"मग तांबडं कशापायी? म्या माळकरी मानूस. जनावराचं काय टोचून घेनार न्हाय. मेलो तरी बेहत्तर."

ही माझ्यामागून डॉक्टरांना हळूच म्हणाली, "झाडपाल्याचं आहे म्हणून सांगा ना." डॉक्टरांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती आत निघून गेली.

मग ते तात्यांसमोर उकिडवे बसले आणि सावकाश बोलू लागले. "तात्या, मी खोटं सांगणार नाही. पूर्वी ह्या दुखण्याला जनावराच्या काळजाचा, म्हणजे यकृताचा, अर्क देत असत. आता हे निघालंय. बुरशीसारखे बारीक जंतू हौदात वाढवतात, त्यांच्यापासून होतं. यात एक धातू असतो, त्यानं रंग लाल दिसतो."

"जंतू म्हंजी जीवच की."

"दह्यातही असतात."

तात्यांनी विचार केला. "दही आमचा बा खायचा. त्योबी माळकरी." मग माळेला हात लावत म्हणाले, "काळजाचं न्हाय ना? आईची आन घ्या."

डॉक्टर उठून पुन्हा गोठ्यापर्यंत जाऊन आले. एवढ्या बडबड्या माणसाला साधा होकार देता येईना. शेवटी मान हलवून ते म्हणाले, "आईची आण."

तात्यांनी दंड पुढं केला.

त्यानंतर डॉक्टर एसटीनं वडगावला जात राहिले. पहिल्या सुयांनी तात्यांची भूक वाढली, पण पाय तसेच राहिले. त्या दिवसांत डॉक्टर माझ्या वर्गाच्या खिडकीशी येऊन भर तासाला विचारायचे, "वडगावचं काही कळलं?" मुलं हसायची. "उशीर झाला असेल का हो, मास्तर?" असंही एकदा विचारलं. आता ते मला काय ठाऊक असणार?

मग एका रविवारी आम्ही दोघं गेलो, तेव्हा तात्या घरी नव्हते, मळ्यात गेले होते. काठी टेकत, पण एकटे. आम्ही बांधावर पोचतो न पोचतो तोच त्यांची आरोळी आली.

"बोचला! आरं, काटा बोचला!"

तात्या बांधावर बसून पाय उंच धरून हसत होते. टाचेत बाभळीचा काटा रुतला होता, रक्त येत होतं आणि डोळ्यांत पाणी. "दुखतंय डाक्तर! काय झ्याक दुखतंय!"

डॉक्टर खाली बसले. तात्यांचा मातीनं भरलेला पाय त्यांनी मांडीवर घेतला, काटा काढला, रुमालानं टाच पुसली. पाय खाली ठेवला नाही.

"माझी आई असंच म्हणायची," ते माझ्याकडे न बघता बोलले. "कापसावर चालतेय. काशीला दूध सोडून आली होती. मी काळजाचा अर्क आणला. तिनं विचारलं कशाचा, मी खरं सांगितलं. ती म्हणाली, ठेव तो बाजूला. मग मी फॉलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या. नव्या निघाल्या होत्या."

"मग?"

"रक्त भरलं. गालावर रंग आला. मला वाटलं, जिंकलो. पाय जात होते ते दिसलंच नाही. शेवटी अंथरुणातून उठता येत नव्हतं तिला. ही लाल सुई मिळू लागली, तोवर ती गेली होती." त्यांनी टाच पुन्हा एकदा पुसली. "तिच्या गालावर रंग आला ना, त्या दिवशी मी सगळ्या इंदापुरात पेढे वाटले होते, मास्तर."

तात्यांनी किती ऐकलं, त्यांना किती समजलं, कोण जाणे. त्यांनी दुसराही पाय उचलून डॉक्टरांच्या मांडीवर ठेवला.

"ह्योबी बघा," ते म्हणाले. "सावकाश बघा. घाई न्हाय."