लाइन घ्यावी की सोलर?

या वैशाखात आमच्या कॉलनीत एक लग्न झालं. रिसेप्शनला पोपटकाका स्टेजवर गेले, नवरीच्या हातात पाकीट दिलं, दोघांच्या डोक्यावर हात ठेवला आणि फोटोग्राफर "इकडे बघा, इकडे बघा" म्हणून ओरडत असताना नवरदेवाच्या कानाशी लागून म्हणाले, "तुम्ही इंजिनियर ना? मग सांगा, लाइन घ्यावी की सोलर?"

नवरदेव कॉम्प्युटरवाला. त्याने आधी सासऱ्यांकडे बघितलं, मग नवरीकडे. नाशिककडचा हा काही विधी असावा असं त्याला वाटलं बहुतेक. "सोलर," तो हळूच म्हणाला.

"बरं. आता उलट बाजूने बघा," असं म्हणून काका तिथेच सुरू झाले. मागची रांग आइस्क्रीमच्या टेबलापर्यंत गेली. त्या फोटोत तिघांचेही चेहरे परीक्षेत प्रश्न न कळल्यासारखे दिसतात. नवरीने तो अल्बममध्ये लावलाय म्हणे.

पोपटराव महाले हे आमचे सिडकोतले शेजारी. त्यांची आणि आमची भिंत एक, त्यामुळे त्यांचा रेडिओ मी ऐकतो आणि आमची भांडणं ते. एसटीत होते. सगळी नोकरी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत गेली. येवल्याची गाडी कुठे लागते, मालेगावची गेली का, सुरगाण्याची आज आहे की नाही, असं जन्मभर लोकांनी विचारायचं आणि यांनी सांगायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी त्या सगळ्याची वसुली सुरू केली. आता ते विचारतात आणि आम्ही सांगायचं.

बोलणं मात्र अजून खिडकीतलंच. दूधवाल्याला उशीर झाला की जिन्यातून आवाज येतो, "दूध विलंबाने येत आहे, नोंद घ्यावी." गुडघा दुखत असेल तर आजची फेरी रद्द. कुणी काही वचन दिलं की म्हणतात, "गाडी फलाटावर लागेपर्यंत खरी नाही." काकू जाऊन काही वर्षं झाली, मुलगा पुण्याला. आमची ही त्यांना अधूनमधून जेवायला बोलावते. ते येतात, पाटपाणी होतं, वरणावर तूप पडतं, आणि काका हात मांडीवर ठेवून बसून राहतात. का, तर त्यांचा फोन यायचा असतो. फोन येतो. काका ऐकतात, "बरं, नोंद घेतली," म्हणतात, फोन खिशात ठेवतात आणि मग पहिला घास घेतात. इतक्या वेळात माझं जेवण अर्धं झालेलं असतं. हा एसटीतला कुणी जुना मित्र असेल म्हणून मी कधी विचारलं नाही.

तर प्रश्न असा होता. काकांची थोरली बहीण, आक्का, हरसूलकडच्या एका पाड्यावर राहते. म्हणजे पाड्यावरही नाही. पाडा संपतो, मग ओहोळ लागतो, ओहोळाच्या पलीकडे टेकाडावर तिचं दोन खोल्यांचं घर. विजेचा शेवटचा खांब ओहोळाच्या अलीकडे येऊन थांबलाय. त्यामुळे आक्का अजून कंदिलावर. मागच्या श्रावणात ती अंधारात ओट्याच्या पायरीवरून घसरली. हाड शाबूत राहिलं, पण उठता येईना. सकाळी पाड्यावरची एक बाई वर गेली तेव्हा आक्का भिजलेल्या पायरीवर तशीच बसलेली होती. आई लवकर गेल्यामुळे काकांना या आक्कानेच वाढवलेलं. तेव्हापासून काकांनी ठरवलं, पुढचा पाऊस यायच्या आत आक्काच्या घरात लाइट आलीच पाहिजे. नाशिकला चल म्हटलं तर ती म्हणते, "अन् कोंबड्या काय तुझ्या ग्यालरीत ठिवू?"

इथवर सगळं सरळ होतं. गोंधळ पुढे झाला.

लाइट आणायचे रस्ते दोन. एक म्हणजे खांब टाकून ओहोळापलीकडे लाइन न्यायची. दुसरा म्हणजे खांबाचं नावच सोडायचं, छपरावर सोलरच्या प्लेटा, घरात बॅटरी, आपलं आपण. काका माझ्याकडे आले. "सर, तुम्ही सांगाल ते फायनल."

"काका, मी मराठी शिकवतो."

"शिकवता ना? मग झालं."

मी रीतसर विचार केला. "तिकडे पावसाळ्यात महिना महिना ऊन पडत नाही. लाइन घ्या."

"बरं. आता उलट बाजूने बघा. पावसाळ्यात तिकडे झाडं पडतात. झाड तारेवर पडलं की दोन-दोन दिवस अंधार."

"मग सोलर घ्या."

"पण ऊन?"

"मग लाइन घ्या!"

"म्हणजे पावसाळ्यात दोन्ही नाही. आणि आक्का पडली ती पावसाळ्यात." एवढं बोलून ते माझ्याकडे अशा चेहऱ्याने बघत बसले की जणू पाऊस मीच पाडतो.

त्यानंतर त्यांनी कुणालाच सोडलं नाही. न्हावी, डॉक्टर, गॅस सिलिंडर आणणारा, सत्यनारायणाला आलेले गुरुजी. गुरुजींनी सूर्याकडून घ्यावं असं सांगितलं, कारण तिथे मीटर नाही. काकांनी वीज कंपनीच्या एका वायरमनला गाठलं. तो म्हणाला, "काका, सरळ सोलर घ्या. मी स्वतः गावाकडं तेच लावलंय." मग काका मला घेऊन सोलरच्या दुकानात गेले. दुकानदाराने सगळं समजावलं, चहा पाजला. काकांनी निघता निघता विचारलं, "तुमच्या घरी काय आहे?" तो खाली बघून म्हणाला, "लाइनच आहे." रस्त्यात काका स्कूटरवर माझ्या मागे बसून म्हणाले, "सर, लाइनवाला सोलर वापरतो आणि सोलरवाला लाइन. आता आपण काय घ्यायचं?" मी सिग्नलला उभा होतो. हिरवा झाला तरी उभाच राहिलो.

माझीही अवस्था नाजूक झाली होती. वर्गात समास शिकवताना मी 'लाइन-सोलर : लाइन किंवा सोलर' हे वैकल्पिक द्वंद्वाचं उदाहरण म्हणून फळ्यावर लिहिलं. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. घरी ही म्हणाली, "तुम्ही एकदा ठरवून टाका आणि त्यांना दटावून सांगा." मी ठरवून टाकलं. सोलर. दटावलंसुद्धा. काका चक्क हो म्हणाले.

आम्ही पुन्हा दुकानात. प्लेटा ठरल्या, बॅटरी ठरली. दुकानदार खूश होऊन म्हणाला, "काका, ओट्यावरचा दिवा माझ्याकडून भेट. सेन्सरचा आहे. अंधार पडला की आपोआप लागणार, उजाडलं की आपोआप विझणार. आजीला हातसुद्धा लावावा लागणार नाही."

काकांचा चेहरा उतरला. ते उठले. "फेरी रद्द," म्हणाले आणि चपला घालून रस्त्यावर.

आता मात्र माझं डोकं फिरलं. भर बाजारात मी त्यांना बोललो. म्हातारी पायरीवर पडते, तिला बटणापर्यंतसुद्धा चालावं लागू नये अशी सोय फुकट मिळतेय आणि तुम्ही उठून येता? काका खाली मान घालून ऐकत होते. "सर, तुम्ही एकदा माझ्याबरोबर चला," एवढंच म्हणाले.

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही मुक्कामी गाडीने निघालो. मुक्कामी गाडी म्हणजे शेवटच्या गावात मुक्काम करून पहाटे परत फिरणारी. काकांनी मागची खिडकी धरली. कंडक्टर तरुण होता, त्याने आमच्याकडे विशेष लक्ष दिलं नाही. हरसूलच्या पुढे दिवेलागण झाली. एका वळणावर, थांबा नसताना, गाडी थांबली. कुणी चढलं नाही. कंडक्टर एकटाच उतरला, रस्त्याच्या कडेला एका आंब्याखाली जाऊन उभा राहिला, दरीपलीकडे बघितलं आणि खिशातून फोन काढला.

माझ्या शेजारी काकांचा फोन वाजला.

"काका, दिवा आहे," कंडक्टर आंब्याखालून म्हणाला. मला ते फोनमधूनही ऐकू आलं आणि खिडकीतूनही.

"बरं, नोंद घेतली," काका म्हणाले. कंडक्टरने चमकून गाडीकडे बघितलं. रोज ज्यांना फोन करतो ते आपल्याच गाडीत पासावर बसलेत, हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं. त्याने काकांना कधी पाहिलंच नव्हतं. आधीच्या कंडक्टरने ड्यूटी बदलताना त्याला सांगितलं होतं, त्याला त्याच्या आधीच्याने. गाडी वळणावर घ्यायची, दिवा बघायचा, काकांना कळवायचं.

दरीपलीकडे, पार वर, एक पिवळा ठिपका दिसत होता.

गाडीतून उतरून ओहोळ ओलांडताना काका बोलले. "आक्काकडे फोन नाही. टेकाडावर रेंजही नाही. रेंज त्या आंब्याखालीच येते आणि तिथूनच ओटा दिसतो. ती पडली ना, तेव्हापासून हे सुरू केलं. दिवा लागला म्हणजे आक्का उठली, चालली, काडी ओढली." मग ते थांबले. "आता सांगा सर. लाइन घेतली आणि झाड पडलं, तर दिवा दिसणार नाही आणि आक्का ठणठणीत असेल. मी इकडे वेडा होईन. आणि तो सेन्सरचा लागला तर... तो कुणी लावला म्हणून समजायचं मी? आक्का घरात पडलेली असली तरी तो लागणारच की हो."

इतके महिने हा माणूस गावभर भलताच प्रश्न विचारत होता, कारण खरा प्रश्न विचारायचा त्याला धीर नव्हता.

आक्का ओट्यावर कंदिलाशेजारी बसलेली होती. काटक, काकांपेक्षा ताठ. "आलास व्हय? मास्तरलाबी आनलंस?" तिने नागलीची भाकर आणि ठेचा दिला. काकांनी जेवता जेवता सोलर, लाइन, बॅटरी, सेन्सर, सगळी बाजू आणि उलट बाजू सांगितली. आक्का शांतपणे ऐकत होती.

"समद्या नाशकाला इचारलंस," ती म्हणाली. "मला इचारलं का?"

काका माझ्याकडे बघायला लागले. मी भाकरीकडे.

"साधं बटनाचं लाव. मी दाबीन. लाइट नसंल त्या दिशी कंदील हाय. तुला दिव्याशी मतलब ना?"

"तुला कुणी सांगितलं?" काका पुटपुटले.

"कुनी सांगाया कशाला लागतंय? थांबा नाय, पाशिंजर नाय, अन् गाडी रोज आंब्यापाशी हुबी ऱ्हाती. म्हून तर मी गाडी हालंस्तवर ओट्यावरच बसते. त्याला नीट दिसाया पायजे." मग त्यांच्या ताटात आणखी एक भाकर टाकून म्हणाली, "खा. तिथं येकटाच जेवतोस, वाळलास."

काकांनी मान खाली घातली ती भाकर संपेपर्यंत वर केली नाही.

मिरगाच्या आधी सोलर लागलं. साधं, बटणाचं. पहिल्या संध्याकाळी आक्काने बटण दाबलं, आपण तिन्हीसांजेला दिव्याला जोडतो तसे बल्बला हात जोडले आणि कंदील काच पुसून खुंटीला लावून ठेवला.

आता श्रावण लागलाय. चार दिवसांपूर्वी वीज कंपनीचे लोक पाड्यावर येऊन ओहोळापलीकडे खांब टाकायची जागा बघून गेले. काका लगेच आमच्या दारात. "सर, आता लाइन पण घ्यावी का?" मी दार लावून घेतलं.

काल मात्र मीच त्यांना जेवायला बोलावलं. बाहेर झड लागली होती. ताटं वाढून झाली, वरणावर तूप पडलं, आणि फोन काही येईना. काका हात मांडीवर ठेवून बसले होते. काही वेळाने माझ्या लक्षात आलं की माझाही घास हातातच आहे आणि ही वाढायचं सोडून दारात उभी आहे.

फोन वाजला. काकांनी स्पीकर लावला.

"काका, रस्त्यात झाड पडलं होतं, उशीर झाला. दिवा आहे. आज पिवळा आहे."

"पिवळा म्हणजे कंदील," काका आम्हाला म्हणाले. "ऊन नाही ना. बरं, नोंद घेतली."

त्यांनी फोन ताटाशेजारी ठेवला आणि त्याला हात जोडले. हिनेही जोडले. मग आम्ही जेवायला सुरुवात केली.