म्हात्रे सर आणि गोऱ्यांचे सिनेमे

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे म्हात्रे सर सिनेमा बघत नाहीत, सिनेमाचा पेपर तपासतात. मांडीवर मूळ इंग्रजी कादंबरी, खिशाला लाल पेन आणि हातात रिमोट. पडद्यावर घोडागाडी आली रे आली की रिमोट दाबलाच. घोडा एक पाय वर करून जागच्या जागी थिजतो. मग सर पानं चाळतात, चष्मा कपाळावर सारतात आणि निकाल देतात, "मुळात घोडा करडा हाय. ह्यांनी काळा घेतला. मुळात तसं नाय."

एरवी सर इतकं शुद्ध बोलतात की भाजीवाली त्यांना भाव सांगतानासुद्धा पदर सावरते. जन्मभर रोह्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं त्यांनी. पण राग आला की पेणच्या खारेपाटातलं त्यांचं गाव तोंडात येतं, आणि गोऱ्यांच्या सिनेमांवर त्यांना राग फार येतो. दीडदोनशे वर्षांपूर्वीच्या कादंबऱ्या काढायच्या, त्यांच्यावर निघालेले सिनेमे लावायचे आणि दुपारभर चिडायचं, हाच त्यांचा संसार. दुसरा केला नाही. माझ्या सासूबाईंनी एकदा विचारलंच, "सर, लग्न का नाही हो केलं?" तर म्हणाले, "मुली चांगल्या होत्या मावशी. पण एकीनंही वाचलेलं नव्हतं." आता पोह्यांवर खोबरं भुरभुरणारी आणि वर त्यांच्या कादंबऱ्या पाठ असलेली मुलगी रोहा तालुक्यात कुणी शोधायची?

बरं, एवढा त्रास होतो तर बघू नका ना. तेही नाही. माझे मिस्टर धाटावला कंपनीत आहेत, शिफ्टवरून येता येता जिन्यात सरांचा आवाज ऐकतात. ते म्हणतात, "सासू सुनेच्या घरी जाऊन डबे उघडून बघते ना, तसलं आहे हे. डबा भरलेला असला तरी दुःख, रिकामा असला तरी दुःख."

इंग्लंडातल्या कुठल्याशा कंपनीला सरांनी एकदा सिनेमातल्या चुका इमेलनं कळवल्या. पाठवून हात धुतायत तोवर उत्तर आलं, आपलं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे. सरांनी इमारतभर पेढे वाटले. असली उत्तरं मशीन आपोआप पाठवतं, हे माझ्या मुलीनं माझ्या कानात सांगितलं. मी तिला म्हटलं, पेढा खा आणि गप बस.

आणि हे "मुळात" काही सिनेमापुरतं नाही. गेल्या थंडीत आम्ही गच्चीवर मडकं उपडं करून पोपटी भाजायला लावली होती. वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्डीचा पाला, सगळं रीतसर. मिस्टरांनी हौसेनं मडक्यात पनीर टाकलं. सरांनी तो तुकडा दोन बोटांत धरला, उजेडाकडे करून बघितला आणि पत्रावळीच्या कडेला ठेवला. "मुळात नाय हे." झालं. मिस्टरांनी त्यानंतर पनीर या पदार्थाचं नाव काढलेलं नाही.

अशा ह्या माणसाच्या घरी बाय आली.

बाय म्हणजे सरांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा मिठागरात डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहून हिनं ह्यांना वाढवलं. लग्न झालं, आणि थोड्याच दिवसांत नवरा बोटीवर खलाशी म्हणून गेला तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही, वाईट बातमीसुद्धा नाही. गावानं कधीच त्याच्या नावावर पाणी सोडलं. बाय मात्र म्हातारी झाली तरी घर सोडायला तयार नाही. "ते आले आन् दाराला कुलूप बघितलं तं?" एवढं एकच उत्तर. घर खाडीच्या बांधाला लागून, मोठं उधाण आलं की खारं पाणी ओटीवर. अशाच एका उधाणात ती शेवाळावरून घसरली, मांडीचं हाड मोडलं, आणि सर तिला उचलून रोह्याला घेऊन आले.

चालायला लागले की परत जाणार, हे तिनं आल्या दिवशीच सांगून टाकलं. आणि तिला आता जाऊ द्यायचं नाही, हे सरांनी मनाशी ठरवलेलं. "त्या पाण्यात एकटी कशी ठेवू तिला?" मला जिन्यात म्हणाले. मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, "आणि वहिनी, तिच्याशिवाय मला तरी कोण हाय?"

बायला इंग्रजी यायचा प्रश्नच नव्हता. पण आडवं पडून पडून कंटाळली आणि सरांना म्हणाली, "जना, तुझं ते गोऱ्यांचं लाव. काय बोलतात ते सांग मना." सरांनी पहिल्या रविवारी अगदी मुळाबरहुकूम सांगायला घेतलं. "महोदया, आपल्या सहवासानं मी कृतार्थ झालो आहे."

बाय म्हणाली, "ह्यो पोथी वाचतो का?"

पुढच्या रविवारी बंगलेवाला साहेब खोत झाला, पाद्री भटजी झाला, आणि मोठ्या दिवाणखान्यात जोडीजोडीनं नाचत होते ती हळद झाली. खोताचा पोरगा त्या गोऱ्या पोरीपुढे गुडघ्यावर बसला आणि आमचे सर आवाज बारीक करून म्हणाले, "काय गो, माझ्याशी लगीन करशील का?" मिस्टर मुद्दाम दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "सर, मुळात खोत आहे?"

"हे भाषांतर आहे," सर थंडपणे म्हणाले. "भाषांतर आणि बदल यांतला फरक धाटावला शिकवत नाहीत."

बघता बघता इमारतीतल्या आम्ही सगळ्या बायका रविवारी दुपारी सरांकडे जमायला लागलो. कुणी वाल सोलत, कुणी नुसतीच. सिनेमापेक्षा बायचं ऐकायला मजा. "ह्या बायका जेवतात कवा गो? बघावं तवा चाय." पोरगी रुसून माळावर गेली, पाऊस आला, तर बाय म्हणे, "छत्री नाय घेतली. आता ताप येल आन् तो बघायला येल." आणि खरोखर ताप यायचा आणि तो बघायला यायचा. लग्नाची बोलणी सुरू झाली की तिचा एक प्रश्न ठरलेला, "पोरीचा मामा कुठं हाय? मामाबिगर कसं ठरवतात?" एकदा तर तिनं हट्टच धरला, तेव्हा सरांनी मागच्या रांगेत उभ्या असलेल्या कोचमनला मामा करून टाकलं. मी बघत होते. सरांनी मांडीवरचं पुस्तक हळूच मिटलं.

पण खरी गंमत वेगळीच होती. सर पूर्वीही सिनेमा थांबवायचे, पण चुका काढायला. आता थांबवायचे ते बायला थांबवायला. पोरगी हो म्हणणार, एवढ्यात रिमोट. "राहिलेलं पुढच्या रविवारी." बाय चडफडायची, काठी आपटायची, आणि जाणं पुढच्या रविवारवर ढकलायची. पाय बरा झाला, ती जिना चढायउतरायला लागली, तरी कुणाचं ना कुणाचं लग्न अडकलेलंच. सरांइतका खुशीत माणूस मी त्या दिवसांत दुसरा बघितला नाही. भाजीवालीला ते मराठीत बोलले म्हणे, आपल्यासारख्या.

मग एका रविवारी बायनं टीव्हीवरच्या सिनेमांच्या चित्रांतल्या एकाकडे काठीनं खूण केली. "हा लाव. गलबत हाय ह्यात."

सरांचा चेहरा उतरला, कारण ह्या सिनेमाचं नाव घरात काढायचं नाही असा त्यांचाच नियम. ह्याच्यावर ते जितके चिडले होते तितके कुठल्याच सिनेमावर नाही. त्याची गोष्ट आम्हा सगळ्यांना पाठ होती. खाडीकाठची बाई, नवरा जहाजावर गेलेला, ती जन्मभर वाट बघते. पुस्तकात तो येत नाही. सिनेमावाल्यांनी शेवटी त्याला आणून उभा केला. "मेलेल्या माणसाला तिकीट खिडकीसाठी जिवंत केला," असं सर म्हणायचे आणि वर, "मुळात तो येतच नाय."

त्यांनी टाळायचा प्रयत्न केला. आवाज नीट नाही, चित्र जुनं आहे. बाय हलेना. अर्धा सिनेमा दाखवून त्यांनी रिमोट दाबला आणि ती अख्खा आठवडा गप्प गप्प होती, हे माझ्याही लक्षात आलं. शनिवारी सर आमच्या दारात आले, फार उजळलेले. "वहिनी, मी विचार केला. मुळात शेवटी ती बाई काय करते माहीत आहे? घराला कुलूप लावते आणि भावाकडे राहायला जाते. आनंदानं राहते. उद्या मी सिनेमा शेवटाच्या आधी बंद करणार आणि तिला मुळातलं सांगणार. मला काही खोटं बोलायचं नाय. पुस्तकात आहे ते सांगायचं. मग ती जायचं नावच काढणार नाही."

मी म्हटलं, सांगा. मलाही पटलं होतं. त्या उधाणाच्या घरात म्हातारीनं काय म्हणून राहायचं?

रविवारी खोली भरलेली. बाय खुर्चीत पुढे सरकून बसली होती. पडद्यावरच्या बाईनं स्वयंपाक केला, दोन ताटं वाढली, तरी बाय काही बोलली नाही. शेवटी ती बाई किनाऱ्यावर आली, लांब पाण्यावर एक शीड दिसलं, आणि सरांनी रिमोट दाबला. उठून टीव्हीपुढे उभे राहिले, वर्गात उभे राहायचे तसे. घसा साफ केला.

"बाय, आता ऐक हां. पुस्तकात काय हाय ते सांगतो."

बायनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांच्या कमरेच्या बाजूनं वाकून ती त्या शिडाकडे बघत होती. "येतो का रं तो?" तिनं विचारलं, आणि इतक्या हळू विचारलं की आमच्या हातातले वाल तसेच राहिले.

सर उभेच. मग म्हणाले, "येतो."

आणि रिमोट दाबून बाजूला झाले. तो आला. दाढी वाढलेला, भिजलेला, आला आणि तिच्या दारात बसला. बायनं पदर तोंडाला लावला. माझ्या मिस्टरांना मेलं कधी काय बोलावं कळत नाही. ते म्हणाले, "पण सर, तुम्ही तर म्हणायचात पुस्तकात तो..."

"पुस्तकातपण येतो," सर ओरडले. "मुळातच येतो तो. मी नीट वाचलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाय पिशवी भरून जिन्यात उभी. "जना, मना सोड आज. तिच्या माणसाला दार उघडं गावलं. माझं बंद हाय." सरांनी काही वाद घातला नाही. औषधं घेतली, काठी घेतली आणि पेणची गाडी पकडायला तिला घेऊन गेले.

संध्याकाळी परत आले ते वर गेलेच नाहीत. आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर येऊन बसले. म्हणाले, बायच्या शेजारची सून रात्री सोबतीला झोपायला येणार आहे, ओटी दोन पायऱ्या उंच करून घेतो, शनिवारी जाईन. बायनं गेल्या गेल्या दार उघडलं, केर काढला, दिवा लावला आणि म्हणाली, जा आता, गाडी चुकंल. हे सगळं ते भिंतीकडे बघून सांगत होते. मी चहा पुढे केला.

मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, खरं सांगितलं असतंत तर बाय राहिली असती."

"राहिली असती," सर म्हणाले. "पण उद्या सकाळी कुंकू लावताना तिचा हात थांबला असता, वहिनी. मग रोजच थांबला असता. आणि मी समोर बसून ते बघितलं असतं."