पंखात मशीनगन बसवणारे चाचा

इब्राहिमचाचा पाणी प्यायला म्हणून आमचा फ्रीज उघडत आणि पाणी विसरून फ्रीज लावायला बसत. लोणच्याची एक बरणी पुढे, दुसरी मागे, लबनची, म्हणजे तिकडच्या ताकाची, बाटली आडवी. ती गळायची. चाचा म्हणायचे, ‘‘झाकण खराब हाय. मांडणी नाय.’’

सौदीतल्या खोबर शहरात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये ते एकटेच राहत. मूळचे दापोलीकडचे. आता कंपनीत एसी दुरुस्त करत, पण तारुण्य विमानदलात बंदुका बसवण्यात गेलेलं. काम शिकले ते महायुद्धातल्या एका जुन्या लढाऊ विमानाच्या पंखावर, आणि त्या पंखातून हा माणूस काही बाहेर आलाच नाही.

‘‘पंख कसा, तर पापड. मशीनगन जाडजूड. आत बसणार कशी?’’

‘‘आडवी करून,’’ स्वयंपाकघरातून माझी बायको सुलभा सांगायची.

‘‘शाब्बास! आणि दोन असल्या तर?’’

‘‘एक पुढे, एक मागे. नाहीतर गोळ्यांचे पट्टे अडकतात,’’ हे आमची सात वर्षांची मनू. तिला सातचा पाढा येत नव्हता.

आखाती युद्ध सुरू झालं आणि चाचांच्या उत्साहाला ऊत आला. विषारी वायूच्या भीतीने जो तो एक खोली चिकटपट्टीने बंद करत होता. उंचावरच्या थंडीत बंदूक गोठू नये म्हणून तिच्या तोंडावर कापडाची पट्टी चिकटवतात, पहिली गोळी ती फाडून बाहेर पडते, हे ज्ञान चाचांनी आमच्या खोलीवर पाजळलं. काम इतकं सुबक, की पहिला भोंगा वाजला तेव्हा दारावरची पट्टी फाडायला कुणाचाच हात धजेना. आम्ही तिघं बाहेर उभे. चाचा ओरडले, ‘‘फाडा रे! फाडायलाच असते ती!’’

मग बायका-मुलांना भारतात पाठवायचं ठरलं. इथला विमानतळ बंद, म्हणून विमान जेद्दाहून, तिथवर ओळखीच्या रियाझची गाडी. रियाझ, त्याची बायको, दोन मुलं, सुलभा, मनू आणि चाचा. कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर नोकरी त्या अरबाने, सुट्टी देऊन पासपोर्ट हातात ठेवल्यापासून चाचा लहान मुलासारखे हसत होते. मला कामावरून सुट्टी नव्हती, मी नुसता निरोपाला.

निघायच्या वेळी खालच्या मजल्यावरची नर्स ॲनी धावत आली. सहावा महिना, हातात तिकीट, आणि तिला न्यायला येणारी गाडी आलीच नव्हती. रियाझने मान हलवली, ‘‘जगह कहाँ है?’’

‘‘जागा नसते. काढायची असते,’’ म्हणत चाचांनी सगळ्यांना खाली उतरवलं. सुलभाला तिरकी बसवली, रियाझच्या मुलांना एक पुढे, एक मागे, मनूला मध्ये, ॲनीला खिडकीशी पाय पसरून. दार अलगद लावलं आणि छतावर थाप मारली, ‘‘यल्ला!’’

‘‘चाचा, तुम्ही?’’ सुलभा ओरडली.

‘‘बंदूक बसवणारा पंखात बसत नाय, बेटी.’’

गाडी गेली. चाचांच्या हातात एक पिशवी तेवढी राहिली. आत गुलाबी फ्रॉक होता. नात सहा महिन्यांची झाली होती आणि त्यांनी तिला अजून पाहिलं नव्हतं. मी फ्रॉक हातात घेऊन पाहिला.

‘‘सुलभाकडे तरी द्यायचा होता, चाचा. तुम्ही जाईपर्यंत तिला लहान होईल.’’

‘‘होऊं दे की. माज्या हातानं घालणार मी. मोठा घेऊं.’’

दुसऱ्या दिवशी अर्धं खोबर बंद होतं, आणि आम्ही दोघं एक वर्षाच्या मुलीच्या मापाचा फ्रॉक शोधत हिंडत होतो.