बू कास्तिनांचे लाखो बीजाणू

हंदोकोची लग्नाची मागणी फिसकटली. फिसकटली म्हणजे काय, तसं काही घडलेलंच नाही. गल्लीच्या नोंदवहीत त्या रविवारपुढे गल्लीप्रमुख पाक मार्जुकींनी स्वतःच्या हातानं "सामुदायिक साफसफाई. उपस्थिती चांगली" एवढंच लिहिलं आहे, आणि नोंदवहीत नाही ते मलांग शहरातल्या त्या गल्लीत होत नाही.

तर जे घडलं नाही, त्याच्या पाच दिवस आधी बू कास्तिना (तिकडे बाईंना बू म्हणतात, रावांना पाक) शिडीवर उभ्या राहून जुन्या टूथब्रशला साबण लावत होत्या. अंगणातल्या फणसावर, लाकडी फळीवर लावलेला त्यांचा हरिणशिंगी नेचा लोंबत असे. गेलेल्या नवऱ्याच्या हातचा. अकरा वर्षं हिरवागार होता, आणि आता शिंगांच्या टोकांना खालून तपकिरी लव आली होती.

"रोग लागला मेला," त्या म्हणाल्या.

"बू, थांबा! हात लावू नका!" फाटकातून हंदोको ओरडला. तो सरकारी रोपवाटिकेत कामाला होता. बू कास्तिनांची मुलगी वेनिंग त्याला बायको म्हणून हवी होती, आणि रविवारी त्याच्या घरचे रीतसर मागणी घालायला येणार होते. "रोग नाही तो. बीजाणू आहेत."

"ते काय असतं?"

"नेच्याला फूल नाही, बी नाही. ही पूड वाऱ्यानं उडते, ओल्या जागी पडते, त्यातून नवा नेचा होतो."

इथं थांबला असता तर आज जावई असता. पण त्याला सासूवर छाप पाडायची होती. "लाखो असतात, बू."

बू कास्तिना जपून खाली उतरल्या. "लाखो! म्हणजे ह्यांची लाखो नातवंडं मी साबणानं धुणार होते?"

बुधवारपर्यंत शब्द गल्लीभर झाला. भिंतीवरची बुरशी बीजाणू झाली, पाक मार्जुकींच्या खांद्यावरचा कोंडाही बीजाणू झाला. भाजीवालीनं डागाळलेला कोबी 'बीजाणूवाला' म्हणून दुपारच्या आत संपवला. हंदोको दारोदार सांगत फिरला, की कोंड्यातून नवे पाक मार्जुकी उगवत नाहीत.

"नशीब," पाक मार्जुकींची बायको म्हणाली.

रविवारी बू कास्तिनांनी नेचा फळीसकट उचलून बैठकीत, पाहुण्यांच्या डोक्यावर टांगला. "ह्यांनी पण बघायला हवं ना," म्हणाल्या.

मुलाकडची माणसं तबकं घेऊन आली. केळी होती, आणि चिकट तांदळाचा पांढराशुभ्र जादाह होता, जोडी अशीच चिकटून राहो म्हणून. हंदोकोचे थोरले काका, पाकदे सुकिर, काळी मखमली टोपी सारखी करून उठले आणि मोठ्या अदबीच्या भाषेत पाऊण तास मागणी घालत राहिले. मुलीकडून उत्तर द्यायचं होतं पाक मार्जुकींनी. ते घामाघूम झाले होते. "आमच्याकडून..." एवढं म्हणून त्यांनी आधी पंखा लावला.

नेच्यातून तपकिरी धुकं उठलं आणि सावकाश खाली बसलं. जादाहवर, केळ्यांवर, पाकदेंच्या टोपीवर.

"धूळ फार हो तुमच्याकडे," हंदोकोची आई म्हणाली आणि तिनं ओढणी झटकायला उचलली.

"झटकायचं नाही!" बू कास्तिना कडाडल्या. "पंखा बंद करा! कोणी हलू नका, लाखो आहेत!"

दीड तास कोणी हललं नाही. हंदोको कोंबडीचं पीस आणि कागदाची पुडी घेऊन एकेका नातेवाइकावरून पूड गोळा करत फिरला.

"नाकावर पण आहेत रे," पाकदे ओठ न हलवता म्हणाले.

"शिंकू नका, पाकदे. शिंकलात तर माझं लग्न उडालं."

पाकदे शिंकले. पन्नासएक हजार खिडकीबाहेर गेले. बू कास्तिना खिडकीशी जाऊन, लेकरं परगावी निघाल्यासारख्या बघत राहिल्या.

"मग, बू," पाक मार्जुकी म्हणाले, "होकार कळवू ना?"

बू कास्तिनांनी पुडी हातात घेतली. आवाज एकदम मऊ झाला. "हे असते तर त्यांनीच उत्तर दिलं असतं. आता त्यांनाच देऊ दे. ह्यातलं पहिलं रोप उगवलं, की होकार."

"किती दिवस लागतात, हंदोको?" पाक मार्जुकींनी विचारलं.

वेनिंगनं त्याच्या पायावर पाय दिला. पण माणूस सरकारी रोपवाटिकेतला. "रोप म्हणण्याजोगं व्हायला... वर्ष. दीडही लागेल."

"बावळट!" वेनिंग म्हणाली.

उत्तर मिळालं नाही म्हणजे मागणीच झाली नाही, असं पाक मार्जुकींनी ठरवलं आणि सगळ्यांच्या हातात झाडू दिले. तबकं परत गेली. जादाह मात्र बू कास्तिनांनी ठेवून घेतला. ओला आहे, म्हणाल्या.

सोमवारी गल्लीच्या शिक्क्यानिशी जिल्हा कृषी कार्यालयाला अर्ज गेला: "महोदय, आमच्या गल्लीतील बीजाणू (संख्या लाखो, पैकी अंदाजे पन्नास हजार परागंदा) चालू महिनाअखेरपर्यंत उगवून येतील, असे आदेश आपल्या स्तरावरून तातडीने व्हावेत, आणि आदेशाची एक प्रत संबंधित बीजाणूंना परस्पर देण्यात यावी, ही नम्र विनंती."